परदेशातली उन्हाळी बायोइन्फर्मॅटिक्स इंटर्नशिप: साताऱ्या-सांगलीतून तयारी कशी करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक विद्यार्थिनी साताऱ्यात बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिची मैत्रीण सांगलीत कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. पुढच्या उन्हाळ्यात दोघींना परदेशातल्या एखाद्या लॅबमध्ये बायोइन्फर्मॅटिक्सचं, म्हणजे जीवशास्त्राचा डेटा संगणकावर तपासण्याचं, काम करायचं आहे. कॉलेजचं नाव बाहेर कुणाला माहीत नाही, घरून लाखाच्या वर झेपणार नाही, आणि एका एजंटाने ‘प्लेसमेंट’चे दीड लाख सांगितले आहेत. सुरुवात कुठून करायची?

एजंटाचा विषय आधी संपवू: पैसे देऊ नका. खरी लॅब उन्हाळी विद्यार्थ्याची निवड स्वतः करते, मधे कमिशनवाला नसतो. एजंट विकतात ते बहुधा दोन-तीन आठवड्यांचं शिबिर असतं. व्याख्यानं, एक फेरफटका, शेवटी प्रमाणपत्र. पुढे एम.एस. किंवा पीएच.डी.ला अर्ज कराल तेव्हा त्या कागदाकडे कुणी ढुंकून बघत नाही.

आता कॅलेंडर, कारण बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. बऱ्याच कार्यक्रमांची अट असते की इंटर्नशिपच्या वेळी तुम्ही पदवीला दाखल असायला हवं, आणि परतल्यावर निदान एक सत्र शिल्लक हवं. तीन वर्षांची बी.एस्सी. असेल तर शेवटच्या परीक्षेनंतरचा उन्हाळा यात बसतच नाही. त्या वेळी तुम्ही कागदोपत्री कुणाच्याच विद्यार्थिनी नसता. म्हणजे बी.एस्सी.वालीचा खरा उन्हाळा दुसऱ्या वर्षानंतरचा, आणि अर्ज तिसऱ्या सत्रातच करायचा. चौथं ऑनर्स वर्ष करणार असाल तर आणखी एक उन्हाळा मिळतो. इंजिनीअरिंगला तिसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा नेमका बसतो. तेव्हा तुम्हा दोघींसाठी येणारा उन्हाळाच योग्य आहे आणि तयारी आत्ताच सुरू व्हायला हवी. ‘आधी शिकून घेऊ, मग बघू’ म्हणण्याइतका वेळ नाही.

दुसरी अडचण आपल्या सत्रांची. युरोप-अमेरिकेचा उन्हाळा जून ते ऑगस्ट, आपली सुट्टी मे ते जूनचा मध्य. सम सत्राच्या परीक्षा लांबतात, आणि तुम्ही तिकडे असताना इथे पुढचं सत्र सुरू होऊन हजेरी पडायला लागते. निवड झाल्यावर विभागप्रमुखांकडे धावू नका. ऑक्टोबरमध्येच लेखी विचारून ठेवा: जुलै-ऑगस्टच्या गैरहजेरीला काय करावं लागेल, अंतर्गत परीक्षा नंतर देता येईल का, आणि हे काम ओजेटीच्या (प्रत्यक्ष कामातल्या प्रशिक्षणाच्या) क्रेडिटमध्ये धरता येईल का. एनईपीच्या, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या, नव्या आराखड्यात अशा कामाला जागा आहे. पण मार्गदर्शकाचं पत्र कोणत्या नमुन्यात लागतं, हे आधी कळलं तर परदेशातून धावपळ होत नाही.

कार्यक्रम कोणते? आधी ज्यात आपण बसत नाही ते बाजूला काढा. अमेरिकेतले आरईयू नावाचे, एनएसएफ या सरकारी विज्ञान-निधी संस्थेचे उन्हाळी कार्यक्रम फक्त तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना असतात. ॲमजेन स्कॉलर्स या उन्हाळी संशोधन कार्यक्रमाचा युरोपमधला भाग युरोपीय विद्यापीठांत शिकणाऱ्यांसाठी आहे. आपल्यासाठी त्यांचा आशियातला भाग बघावा. जर्मनीची डाड-वाइज शिष्यवृत्ती चांगली आहे, पण ती ठराविक भारतीय संस्थांच्या यादीपुरती. यादीत तुमची संस्था नसेल तर तो अर्ज लिहिण्यात संध्याकाळ घालवू नका.

उघडे दरवाजेही बरेच आहेत. व्हिएन्ना बायोसेंटरच्या समर स्कूलमध्ये संगणकीय प्रकल्पही असतात, राहण्याखाण्यापुरतं मानधन मिळतं, आणि अर्जाची मुदत साधारण जानेवारीअखेर असते. व्हिएन्नाजवळच्याच आयएसटी ऑस्ट्रिया या संशोधन संस्थेचा ‘आयएसटर्नशिप’ कार्यक्रम साधारण त्याच सुमारास अर्ज घेतो. सांगलीच्या मैत्रिणीने ईटीएच झुरिकच्या कॉम्प्युटर सायन्स विभागाची उन्हाळी फेलोशिप आणि लोझानच्या ईपीएफएलचा उन्हाळी कार्यक्रम दोन्ही बघावेत. तिथे जीवशास्त्राच्या डेटावर काम करणारे गट आहेत आणि संगणकाची बाजू पक्की असलेली मुलं त्यांना हवी असतात. जपानच्या ओकिनावातली ओआयएसटी ही संशोधन संस्था वर्षातून दोनदा अर्ज घेते, १५ एप्रिल आणि १५ ऑक्टोबरला. उन्हाळ्यासाठी ऑक्टोबरची तारीख धरायची. विमानभाडं आणि रोजचा भत्ता तिथे संस्थाच देते. कॅनडाच्या मिटॅक्स ग्लोबलिंक इंटर्नशिपचं काम १२ आठवड्यांचं असतं, पण अर्ज आदल्या सप्टेंबरमध्येच बंद होतो आणि सहभागी देशांची यादी दरवर्षी नव्याने बघावी लागते. सौदी अरेबियातल्या कौस्ट विद्यापीठाचा कार्यक्रम खर्चाच्या दृष्टीने उत्तम, पण किमान तीन महिने मागतो, त्यामुळे सत्र सांभाळून तो बसवणं कठीण. तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, म्हणून संस्थेच्या स्वतःच्या पानावरच खात्री करा. ‘टॉप टेन इंटर्नशिप’ छापाच्या व्हिडिओंवर विसंबू नका.

आता मुख्य मुद्दा. निवडणाऱ्यांसमोर शेकडो अर्ज असतात आणि त्यातल्या प्रत्येकात पायथन येतं, आर ही आकडेवारीची भाषा येते, मशीन लर्निंगचा कोर्स केला आहे. लहान कॉलेजच्या विद्यार्थिनीचा अर्ज उचलला जातो तो एका गोष्टीमुळे: सार्वजनिक डेटावर केलेलं, पूर्ण झालेलं आणि दुसऱ्याला पुन्हा चालवून बघता येईल असं एक छोटं विश्लेषण. दहा प्रमाणपत्रांपेक्षा असं एक भांडार गिटहबवर (कोड सार्वजनिक ठेवण्याच्या साइटवर) असलेलं बरं.

त्याचा विषय काय घ्यायचा? साताऱ्या-सांगलीचा म्हणून ऊस घ्यावासा वाटेल. घेऊ नका. आजच्या लागवडीतला ऊस दोन जातींचा संकर आहे. गुणसूत्रं १०० ते १३०, एकेका जनुकाच्या कितीतरी प्रती. आर५७० या वाणाचा बहुगुणित (गुणसूत्रांचे अनेक संच असलेला) जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए-क्रम, प्रसिद्ध व्हायला २०२४ उजाडलं. सांगलीची हळद त्रिगुणित, ६३ गुणसूत्रांची. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी अष्टगुणित. पहिल्या प्रकल्पात एवढ्या प्रती वेगळ्या करत बसलात तर मूळ प्रश्न राहून जाईल. तासगावचं द्राक्ष घ्या. ते द्विगुणित आहे, १९ गुणसूत्रांच्या जोड्या, जीनोम डीएनएच्या सुमारे ५० कोटी अक्षरांचा, आणि पीएन४००२४ या ओळीचा संदर्भ-जीनोम (तुलनेसाठी सगळे वापरतात तो क्रम) २००७ पासून उपलब्ध व पुढे सुधारत गेलेला. डाऊनी म्हणजे केवडा लागलेल्या आणि निरोगी पानांचे आरएनए-सेक (कोणत्या जनुकापासून किती आरएनए बनलं ते मोजणारे) डेटासंच सार्वजनिक भांडारांत आहेत. बागायतदाराच्या घरातली मुलगी मुलाखतीत केवड्याबद्दल बोलते तेव्हा विषय पाठ केलेला वाटत नाही, हा वरचा फायदा.

प्रश्न लहान ठेवा: केवडा लागल्यावर कोणत्या जनुकांपासून जास्त आरएनए बनतं? प्रत्येक गटात किमान तीन स्वतंत्र नमुने असलेला डेटासंच निवडा. दोन-दोन नमुन्यांचा असेल तर सोडून द्या, कारण नमुन्या-नमुन्यातला फरक किती हे त्यातून नीट मोजताच येत नाही. सहा नमुने, प्रत्येकी दोन कोटी वाचनं (यंत्राने वाचलेले आरएनएचे छोटे तुकडे), म्हणजे दाबलेल्या (कॉम्प्रेस्ड) फाइली मिळून आठ-दहा जीबीच्या आसपास. डेटा युरोपच्या ईएनए भांडारातून थेट दाबलेल्या स्वरूपात उतरवा. अमेरिकेतल्या एनसीबीआयच्या एसआरए भांडारातून फास्टरक्यू-डम्प हा प्रोग्राम वापरून डेटा घेतला तर तो फाइली मोकळ्या करून टाकतो, वर तात्पुरत्या फाइली वेगळ्या, आणि लॅपटॉपची डिस्क मध्यरात्री भरते. उतरवणं तुटलं तर तिथूनच पुढे चालू होईल असा पर्याय द्या आणि शेवटी एमडी५ (फाइलचा तपासणी-क्रमांक) जुळवून बघा. अर्धवट उतरलेली फाइल कधीकधी तक्रार न करता पुढे चालते आणि निकाल मात्र चुकीचा येतो.

लॅपटॉप विंडोजचा असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) टाकून त्यात उबुंटू घ्या. आठ जीबी रॅम असेल तर स्टार हा अलाइनर (वाचनं जीनोमवर जुळवणारा प्रोग्राम) विसरा. मानवी जीनोमसाठी त्याला ३० जीबीच्या आसपास मेमरी लागते, द्राक्षाला कमी, पण आठमध्ये गुदमरेल. साल्मन वापरा, तो जनुकांपासून बनणाऱ्या आरएनए-प्रतींच्या (ट्रान्सक्रिप्टच्या) यादीवर थेट चालतो आणि हलका आहे. लॅपटॉप अगदीच जुना असेल तर गॅलक्सी या ऑनलाइन विश्लेषण-सेवेच्या युरोपीय सर्व्हरवर मोफत खातं काढा, तिथे भरपूर जागा मिळते. एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा: प्रत्येक फाइलमधून दहा लाख वाचनं काढून आधी पूर्ण साखळी त्या लहान डेटावर चालवायची. जोडीची वाचनं असतील तर दोन्ही फाइलींना बीज-क्रमांक (कोणती वाचनं निवडायची ते ठरवणारा ‘सीड’) एकच द्यायचा, नाहीतर जोड्या तुटतात.

क्रम असा: फास्टक्यूसीने गुणवत्ता बघणं, गरज असेल तर फास्टपीने अडॅप्टर (वाचनांना चिकटलेले कृत्रिम तुकडे) काढणं, साल्मनने मोजणी, आरमध्ये टीएक्सइम्पोर्टने प्रतींवरून जनुकांवर येणं, मग दोन गटांतला फरक तपासायला डीईसेक२. डीईसेक२ ला कच्ची मोजणी लागते. टीपीएम किंवा एफपीकेएम म्हणजे मापात बसवलेले दशांश आकडे तो घेतच नाही. ते पूर्णांक करून दिलेत तर तो बिचारा उत्तर देईल, पण ते निरर्थक असेल. कारण त्याचं गणितच मोजणीच्या आकड्यांतल्या विखुरणीवर उभं आहे. हे ‘का’ नीट सांगता आलं तर मुलाखतीतला निम्मा गड सर होतो. दुसरा हमखास प्रश्न पी-व्हॅल्यूचा, म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा फरक दिसण्याच्या शक्यतेचा. वीस हजार जनुकं तपासली आणि ०.०५ ची रेषा धरली, तर काहीही फरक नसताना हजारभर जनुकं निव्वळ योगायोगाने ‘महत्त्वाची’ ठरतील. म्हणून बेंजामिनी-होखबर्ग दुरुस्तीनंतरचा आकडा वापरायचा.

आता बिघडतं कुठे ते बघा, खरी शिकवण तिथेच आहे. संदर्भ-जीनोम एका ठिकाणचा आणि जनुकांची नोंद-फाइल दुसऱ्या ठिकाणची घेतली तर गुणसूत्रांची नावं जुळत नाहीत. एकात ‘सीएचआर१’, दुसऱ्यात नुसता ‘१’. अलाइनर वापरला असेल तर मोजणी सरसकट शून्य येते. साल्मनच्या वाटेने हाच घोटाळा प्रतींच्या नावामागच्या ‘.१’ मुळे होतो आणि टीएक्सइम्पोर्ट थांबतो. वाचनं कोणत्या धाग्यावरची आहेत हे चुकीचं सांगितलं तर मोजणी निम्म्यावर येते किंवा जवळपास नाहीशी होते. साल्मनला ते स्वतः ओळखू द्या आणि त्याने काय ओळखलं ते लॉगमध्ये वाचा. रोगट पानांत जुळणीचं प्रमाण निरोगीपेक्षा कमी दिसलं तर घाबरू नका, त्या वाचनांत रोगजंतूची स्वतःची वाचनंही असतात. उलट ते प्रमाण सगळीकडे अगदी सारखं आलं तर लागण किती दिवसांची होती ते मूळ शोधनिबंधात तपासा.

आणि एक तपासणी जी फार थोडे करतात. द्राक्ष रोगाला प्रतिकार करताना रेस्व्हेरॅट्रॉलसारखी स्टिल्बीन द्रव्यं बनवतं, ती स्टिल्बीन सिंथेज जनुकांमुळे. तुमच्या यादीत ही जनुकं वर आलेली दिसायला हवीत. नसतील तर शोध लागला असं समजू नका, आधी नमुन्यांची लेबलं उलटसुलट झाली का ते बघा. पीसीए (कोणते नमुने एकमेकांसारखे ते दाखवणारा आलेख) काढला की हे बहुधा पहिल्या चित्रातच उघडं पडतं. यात एक बारकावा आहे: ही जनुकं डझनांनी आहेत, १० आणि १६ क्रमांकाच्या गुणसूत्रांवर ओळीने बसलेली, आणि एकमेकींसारखी. एकच वाचन अनेक ठिकाणी जुळतं. फक्त एकमेव जागी जुळणारी वाचनं मोजणारी पद्धत ही जनुकं जवळपास गमावते, साल्मन ती संभाव्यतेने वाटून देतो. ही दोन वाक्यं तुमच्या रीडमीमध्ये (भांडारासोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) असतील तर वाचणाऱ्या पोस्टडॉकला (पीएच.डी.नंतरच्या संशोधकाला) कळतं की या मुलीने आज्ञावल्या नुसत्या चिकटवलेल्या नाहीत.

दोघींनी मिळून एकच प्रकल्प करायला हरकत नाही, उलट जोडी चांगली जमते. एकीने जीवशास्त्राचा प्रश्न आणि अर्थ सांभाळायचा, दुसरीने साखळी, कॉन्डाची पर्यावरण-फाइल (कोणते प्रोग्राम लागतात त्याची यादी) आणि साखळी आपोआप चालवणारं स्नेकमेक. पण कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) आपापल्या नावाने करा आणि कुणी काय केलं ते रीडमीत लिहा. दोन अर्जांत हुबेहूब तोच दावा दिसला की दोन्ही बाद होतात. रोज दोन तास दिले तर हे काम आठ ते दहा आठवड्यांत होतं. ऑगस्टमध्ये सुरू केलं तर ऑक्टोबरअखेर दाखवण्याजोगं तयार.

कार्यक्रमांच्या अर्जाबरोबरच थेट प्राध्यापकांना मेल करणंही सुरू ठेवा, ऑक्टोबर ते डिसेंबर. इथे लॅब निवडण्याचा निकष महत्त्वाचा आहे. मोठ्या नावामागे जाऊ नका. ज्या गटात संगणकीय काम करणारा किमान एक पोस्टडॉक किंवा पीएच.डी. विद्यार्थी आहे, तोच गट निवडा. केवळ प्रयोग करणाऱ्या लॅबला ‘डेटा पडलाय, कुणीतरी बघा’ अशा अपेक्षेने इंटर्न हवा असतो. ऐकायला छान वाटतं, पण तिथे तुमची चूक पकडणारं कुणी नसतं, आणि दहा आठवडे एकटीने भिंतीशी बोलण्यात जातात. गटाच्या पानावर सदस्यांची कामं वाचा, गेल्या दोन वर्षांतले बायोआरकाइव्ह (छापण्याआधी लेख टाकण्याची साइट) इथले लेख बघा, त्यांचं गिटहब हलतंय का ते बघा.

मेल १५० ते २०० शब्दांचा. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण आणि कोणत्या तारखांना मोकळ्या आहात. मग त्यांच्या एका लेखातली एक नेमकी गोष्ट आणि त्यावरचा एक प्रश्न. ‘तुमचं काम खूप प्रेरणादायी वाटलं’ हे वाक्य सगळेच लिहितात, ते काढून टाका. मग तुमच्या विश्लेषणाची दोन वाक्यं आणि दुवा. शेवटी पैशाचं स्पष्ट: मानधन लागेल, की कोणत्या शिष्यवृत्तीला अर्ज करताय. सोबत एक पानी सीव्ही आणि गुणपत्रकांची एकच पीडीएफ. ‘रिस्पेक्टेड सर’ लिहून बाई प्राध्यापकांना पाठवलेले मेल रोज येतात. ‘डिअर प्रोफेसर’ आणि आडनाव, एवढं पुरतं. एकाच मेलमध्ये पन्नास जणांना टाकलं की संपलं. आठवड्याला चार-पाच, प्रत्येक वेगळा. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा, त्यानंतर पिच्छा सोडा. उत्तरं फार थोडी येतात, तो तुमचा अपमान समजू नका.

सीव्हीत सीजीपीए दहाच्या मापातच लिहा. स्वतः चारच्या मापात बदलू नका, प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं असतं.

शिफारसपत्रांत आपली मुलं फार मागे पडतात. ‘ही विद्यार्थिनी हुशार, नम्र व वक्तशीर आहे’ हे पत्र नसल्यातच जमा. सरांना किंवा मॅडमना तीन आठवडे आधी भेटा आणि एका पानावर लिहून द्या: कोणतं प्रॅक्टिकल किंवा सेमिनार त्यांच्याकडे केलं, त्यात काय अडलं, ते कसं सोडवलं, वर्गात क्रमांक कितवा, आणि प्रकल्पाचा दुवा. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं उत्तर आलं तर हे पानच पुढे करा. पत्र त्यांच्या शब्दांत राहू द्या. बहुतेक ठिकाणी पत्र शिक्षकांनी स्वतः अपलोड करायचं असतं, आणि जीमेलचा पत्ता दिला की काही ठिकाणी शंका घेतली जाते. कॉलेजच्या डोमेनचा मेल त्यांच्याकडे नसेल तर कार्यालयाला सांगून आत्ताच काढून घ्या.

कागदपत्रांत पासपोर्ट सगळ्यात आधी. दोन्ही जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतात. ३६ पानी पासपोर्टचं साधं शुल्क १,५०० रुपये, तत्काळला आणखी २,०००. होस्टेलचा पत्ता टाकला की पोलिस पडताळणीत वेळ जातो. घरचा पत्ता द्या आणि त्या दिवसांत घरी राहा. नावाचा घोळ आपल्याकडे हमखास: दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि पासपोर्टवर वेगळा क्रम. अर्ज, निमंत्रणपत्र, विमा, तिकीट, सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव अक्षरशः तसंच हवं. निमंत्रणपत्रात एखादं अक्षर चुकलं असेल तर लगेच दुरुस्त करून मागा. व्हिसाच्या खिडकीवर ते निस्तरत नाही.

शेंगेन देशांत (युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या गटात) १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंतचा मुक्काम अल्पकालीन व्हिसावर होतो, त्याहून जास्त असेल तर त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. पण दिवस कमी असले तरी मानधनाच्या कामाला वेगळी परवानगी लागू शकते, आणि देशागणिक नियम वेगळे. हे लॅबमधल्या मार्गदर्शकाला बहुधा माहीत नसतं. संस्थेच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारा. पर्यटन व्हिसावर येऊन लॅबमध्ये बसा, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. अल्पकालीन अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, प्रौढांना शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. पुण्यात अनेक देशांची अर्जकेंद्रं आहेत, अमेरिकेसाठी मात्र मुंबई. एप्रिल-मेमध्ये सहलींचे अर्ज लोटतात आणि तारीख मिळत नाही, म्हणून निमंत्रणपत्र मार्चपर्यंत हातात हवं. परत न करता येणारं तिकीट व्हिसा मिळेपर्यंत काढू नका.

पैशाचा हिशेब मांडून बघा. पश्चिम युरोपात दहा आठवडे: खोली महिना ६०० युरो धरली तर १,५००, जेवण ६००, स्थानिक प्रवास १५०, विमान ८००, व्हिसा-विमा २००. झाले सव्वातीन हजार युरो, म्हणजे युरो शंभर रुपये धरला तरी सव्वातीन लाख. स्वित्झर्लंडमध्ये याहून बरंच जास्त. तुमच्या लाखात विनामानधन काम बसत नाही, तेव्हा त्याच्या मागे लागू नका. पण मानधन असलेल्या ठिकाणीही लाखभर हाताशी लागतातच. पहिलं मानधन बहुधा महिनाअखेर मिळतं, विमानभाड्याची भरपाई कधी परतल्यावर, आणि खोलीचं डिपॉझिट पहिल्या दिवशी. ते लाख यासाठी राखून ठेवा.

निवड झाली तर कामाबद्दल चार गोष्टी. लॅबचा मोठा संगणक म्हणजे बहुधा स्लर्म (कामं रांगेत लावणारा प्रोग्राम) बसवलेला अनेक यंत्रांचा क्लस्टर. तुम्ही लॉगिन करता ते यंत्र सगळ्यांचं असतं, त्यावर जड काम चालवलं की सगळ्यांचं अडतं आणि दुसऱ्याच दिवशी प्रशासकाचा मेल येतो. काम रांगेत टाकायचं. मेमरी आणि वेळ किती लागेल हे लहान डेटावर मोजून मागायचं. काम मधेच मरून १३७ हा क्रमांक दिसला तर बहुधा मेमरी कमी पडली आहे. स्क्रॅच म्हणजे तात्पुरत्या जागेतल्या फाइली बऱ्याच ठिकाणी ठराविक दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. कोड कधीही तिथे एकुलता ठेवू नका.

मानवी डेटावर काम असेल तर पहिला प्रश्न: संदर्भ-जीनोमची आवृत्ती कोणती, एचजी१९ की एचजी३८? दोन्हींत एकाच जनुकाचा पत्ता वेगळा असतो आणि मिसळले तरी प्रोग्राम चालतो. दुसरा: जीनोमवरच्या जागा नोंदवताना बेड फाइल शून्यापासून मोजते, जीएफएफ आणि व्हीसीएफ फाइली एकपासून. एका अक्षराचा हा फरक उत्परिवर्तनाच्या कामात अख्खा निकाल बदलतो. तिसरा: जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडून जतन करू नका. सेप्टिन आणि मार्च गटातल्या जनुकांच्या नावांच्या तारखा होत होत्या, इतक्या की २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने नावंच बदलली. जुन्या याद्यांत तो घाण डेटा अजून सापडतो. आणि रुग्णांचा डेटा स्वतःच्या लॅपटॉपवर, गूगल ड्राइव्हवर किंवा चॅटबॉटमध्ये टाकायचा नाही. युरोपात तो जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्याचा भंग ठरू शकतो आणि मार्गदर्शकाची डेटा-परवानगीच धोक्यात येते.

दहा आठवडे फार कमी असतात. पहिल्या आठवड्यात खाती, परवानग्या आणि त्यांच्याच एका जुन्या निकालाची पुनरावृत्ती. तो आकडा तुमच्या हातून तसाच आला की पुढचं काम सुरू. दुसऱ्या आठवड्याअखेर प्रश्न एका वाक्यात लिहून मार्गदर्शकाकडून होकार घ्या. अडलं तर अर्धा दिवस स्वतः झगडा, मग विचारा, आणि विचारताना आज्ञावली, पूर्ण त्रुटी-संदेश आणि काय करून पाहिलं हे तिन्ही द्या. आपल्याकडची मुलं संकोचाने आठवडाभर गप्प बसतात, तिकडे त्याचा अर्थ ‘काम चालू नाही’ असा होतो. मार्गदर्शकाला नावाने हाक मारायची असते, जीभ अडखळली तरी मारा. शेवटचे दहा दिवस नवं विश्लेषण सुरू करायचं नाही: रीडमी, पर्यावरण-फाइल, आकृत्या कोणत्या स्क्रिप्टने बनल्या त्याची नोंद, पंधरा मिनिटांचं सादरीकरण. शोधनिबंधात नाव येईल का, हे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सरळ विचारावं. बहुधा उत्तर ‘काम टिकलं तर’ असं असतं आणि ते रास्तच आहे.

कुठेच जमलं नाही तर दोन वाटा आहेत. बंगळूर, दिल्ली आणि अलाहाबादच्या विज्ञान अकादम्यांची संयुक्त उन्हाळी फेलोशिप दोन महिन्यांची, अर्ज साधारण नोव्हेंबरमध्ये. पुण्यातल्या आयसर, एनसीसीएस या संशोधन संस्थांतल्या किंवा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बायोइन्फर्मॅटिक्स केंद्रातल्या प्राध्यापकांनाही वर सांगितलं तसाच मेल करा. सांगलीच्या मैत्रिणीसाठी गूगल समर ऑफ कोड हा मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरचा कार्यक्रम आहे. त्यात ओपन बायोइन्फर्मॅटिक्स फाउंडेशनसारख्या संस्था सहभागी झालेल्या आहेत, काम घरून, मार्गदर्शक परदेशातले, आणि मानधन देशानुसार ठरतं. तिथे मार्चमध्ये अर्ज टाकण्याआधी डिसेंबर-जानेवारीपासून त्या प्रकल्पातल्या लहानसहान चुका दुरुस्त करून पाठवायला सुरुवात करावी लागते. ज्यांचे दोन-तीन बदल आधीच स्वीकारले गेले आहेत त्यांचा प्रस्ताव मार्गदर्शक ओळखीच्या नजरेने वाचतात.